नायसियात मतदान झालेच नव्हते : बायबलमधील पुस्तके नेमकी कशी ठरली?

बोरू_दौत

गेल्या महिन्यात वसईला एका लग्नाला गेलो होतो. वधू वसईची कॅथलिक, वर नगरच्या प्रोटेस्टंट घराण्यातला. मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनाविधीत) पहिले वाचन तोबीतच्या पुस्तकातून झाले, तोबिया आणि सारा यांनी लग्नाच्या रात्री केलेल्या प्रार्थनेचे. माझ्या शेजारी वराचे मामा बसले होते. त्यांनी सवयीने आपले बायबल उघडले, अनुक्रमणिका दोनदा वाचली आणि हळूच मला विचारले, "हे पुस्तक आहे तरी कुठे?" त्यांच्या बायबलात ते नव्हतेच.

जेवताना हा विषय पुन्हा निघाला, तेव्हा एका सुशिक्षित गृहस्थांनी निकाल देऊन टाकला की ३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसियाला बिशपांची सभा बोलावली, मतदान घेतले आणि गैरसोयीची पुस्तके काढून टाकली. हे विधान मी इतक्या जणांकडून आणि इतक्या ठामपणे ऐकले आहे की एकदा त्याचा सविस्तर परामर्श घ्यावा असे वाटले.

नायसियाची सभा खरी आहे. आजच्या तुर्कस्तानातील इझनिक या गावी ती भरली, एरियस या धर्मोपदेशकाने उपस्थित केलेल्या ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीच्या वादावर तिथे निर्णय झाला, ईस्टरच्या दिवसाचा प्रश्न हाताळला गेला आणि सभेने वीस नियम केले. ते वीसही नियम आज उपलब्ध आहेत. बायबलात कोणती पुस्तके असावीत याबद्दल त्यांत एक अक्षरही नाही. नायसियात पुस्तके निवडल्याची कथा नवव्या शतकाच्या अखेरीच्या एका ग्रीक संकलनात आढळते, आणि तिथे ती मतदानाची नसून चमत्काराची आहे : सगळी पुस्तके वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरी वर राहिली आणि खोटी खाली गेली. अठराव्या शतकात व्होल्तेरने ती थट्टेसाठी वापरली. पुढे चमत्कार गळून पडला आणि त्याच्या जागी मतदान आले, कारण आधुनिक वाचकाला तेच अधिक पटण्यासारखे होते. कॉन्स्टंटाइनने बायबलच्या बाबतीत केलेले एक काम मात्र नोंदलेले आहे. त्याने कैसरियाचा बिशप युसेबियस याला नव्या राजधानीतील मंडळ्यांसाठी, म्हणजे ख्रिस्ती समाजांसाठी, उत्तम चर्मपत्रावर पन्नास प्रती लिहवून घेण्यास सांगितले. त्या प्रतींत कोणती पुस्तके होती हे युसेबियसने लिहून ठेवलेले नाही.

मग पुस्तके ठरली कशी? पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोकांचे शास्त्र म्हणजे यहुद्यांचेच शास्त्र होते. ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल याची पत्रे इ.स. ५० च्या सुमारास लिहिली जाऊ लागली. ती त्या त्या गावच्या मंडळीला उद्देशून असत, पण कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस, हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवावे आणि तिकडचे पत्र तुम्ही वाचावे, अशी सूचना आहे. नकला करण्याची आणि त्या एकमेकांकडे धाडण्याची चाल अशी पडली. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारच्या सभेत प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख, वेळ असेल तोवर, वाचले जातात. पुस्तके उपासनेत रुळली होती. त्यांची यादी करण्याची गरज अजून कुणाला भासली नव्हती.

ती गरज निर्माण केली मार्सियनने. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपीहून रोमला आलेल्या या मनुष्याने जुना करार पुरता नाकारला, आणि लूकचे काटछाट केलेले शुभवर्तमान (येशूचे चरित्र) व पौलाची दहा पत्रे एवढेच शास्त्र मानले. १४४ साली रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. ख्रिस्ती पुस्तकांची पहिली बंदिस्त यादी करणारा आपल्याला माहीत असलेला माणूस पाखंडी ठरलेला असावा, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे. त्यानंतर इतरांनाही बोलणे भाग पडले. १८० च्या सुमारास लियॉनचा बिशप आयरेनियस सांगतो की जगाच्या दिशा चार आणि मुख्य वारे चार, तशी शुभवर्तमानेही चारच. युक्तिवाद म्हणून हे लंगडेच आहे. परंतु चार ही संख्या तोवर इतकी पक्की झाली होती की तिचे कारण त्याला सृष्टीत शोधावेसे वाटले.

मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात मुरातोरी या विद्वानाला सापडलेला आणि त्याने १७४० साली प्रसिद्ध केलेला ८५ ओळींचा एक लॅटिन तुकडा आहे. बरेच अभ्यासक तो मूळ मजकूर दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा मानतात, काही जण चौथ्या शतकातला. त्यात लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने तिसरे व चौथे म्हणून येतात, प्रेषितांची कृत्ये आहेत, पौलाची तेरा पत्रे आहेत. मात्र इब्री लोकांस पत्र नाही, याकोबाचे नाही, पेत्राचेही नाही. 'हर्मासचा मेंढपाळ' हे त्या काळचे अतिशय लोकप्रिय पुस्तक खाजगीत अवश्य वाचावे, पण मंडळीत वाचू नये, कारण ते 'अगदी अलीकडे, आपल्या काळात' रोममध्ये लिहिले गेले आहे, असे तो लेखक म्हणतो. पुस्तक वाईट आहे असा त्याचा आरोप नाही. ते उशिरा जन्मले, एवढाच त्याचा दोष.

चौथ्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात युसेबियस पुस्तकांची प्रतवारी करतो : सर्वमान्य, वादग्रस्त आणि अप्रमाण. याकोब, यहूदा, पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे पत्र वादग्रस्तांत येतात. प्रकटीकरणाला तो 'योग्य वाटल्यास' असे म्हणून सर्वमान्यांत ठेवतो आणि काही ओळींनंतर त्याच पुरवणीसह अप्रमाणांतही ठेवतो. एवढा मोठा इतिहासकार इतका उघड घोटाळतो, यावरून त्या वेळी प्रश्न मिटलेला नव्हता हे कळते. आजच्या नव्या करारातील नेमकी सत्तावीस पुस्तके, एकही कमी-अधिक न होता, प्रथम आढळतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ सालच्या ईस्टरपत्रात. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील सभांनी तीच सत्तावीस मान्य केली, आणि कार्थेजच्या ठरावात तर, समुद्रापलीकडच्या मंडळीचा, म्हणजे रोमचा, सल्ला घ्यावा अशी पुस्ती आहे. या प्रांतिक सभा होत्या. तीनशे वर्षांच्या वहिवाटीवर त्यांनी शिक्का मारला.

---

पापडीची_पायवाट

धाग्याबद्दल आभार. मी वसईचीच असल्यामुळे तोबीतविषयी लिहिणे माझ्याकडे येते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील यहुद्यांनी आपल्या शास्त्राचे ग्रीक भाषांतर सुरू केले, त्याला सप्तती म्हणतात. ग्रीक बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तेच आपले शास्त्र म्हणून वापरले. तोबीत, यहूदीथ, शलमोनाचे ज्ञान, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके त्या ग्रीक परंपरेत आली, म्हणून आमचे बायबल ७३ पुस्तकांचे आणि मामांचे ६६ चे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम लॅटिन भाषांतराला बसला तेव्हा त्याने हिब्रू मुळाचा आग्रह धरला आणि हिब्रूत नसलेल्या पुस्तकांना दुय्यम लेखले. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिन याने वेगळी भूमिका घेतली. अधिकाधिक मंडळ्या आणि त्यांतही अधिक मानाच्या मंडळ्या जे स्वीकारतात त्याला प्राधान्य द्यावे, असे त्याचे मत होते. व्यवहारात ऑगस्टिनचे मत टिकले. जेरोमने तोबीतचे भाषांतर केले तेही बिशपांच्या आग्रहाखातर : अरामी आणि हिब्रू या दोन्ही भाषा उत्तम बोलणारा एक मनुष्य गाठला, त्याने हिब्रूत सांगावे आणि जेरोमने लेखनिकाला लॅटिनमध्ये सांगावे, असे ते एका दिवसात उरकले. हे त्यानेच प्रस्तावनेत नोंदवले आहे.

'ट्रेंटच्या (कॅथलिक बिशपांच्या) सभेने १५४६ साली ही पुस्तके घुसडली' असे पुष्कळदा म्हटले जाते, ते बरोबर नाही. कार्थेजच्या यादीतही ती होतीच. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटने त्या जुन्या यादीला बंधनकारक स्वरूप दिले, आणि न मानणाऱ्याला बहिष्कृत ठरवले, हा मात्र नवा भाग होता.

---

भिंगारकर

ताईंचे तपशील बिनचूक आहेत, तरी दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

पहिल्या शतकाच्या अखेरीस यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की आमच्याकडे परस्परविरोधी अशी असंख्य पुस्तके नाहीत, केवळ बावीस आहेत. यहुद्यांच्या आजच्या मोजणीत ती चोवीस होतात आणि आमच्या छापील बायबलात एकोणचाळीस. बारा लहान संदेष्टे एकत्र मोजायचे की सुटे, अशा प्रकारचा तो फरक आहे. देवाची वचने यहुद्यांच्या स्वाधीन केलेली होती असे पौल रोमकरांस सांगतो. ज्यांच्याकडे ठेव होती त्यांचीच मोजदाद प्रमाण धरावी, एवढाच आमचा मुद्दा आहे.

प्रोटेस्टंट चळवळीचा जनक मार्टिन लूथर याने ही पुस्तके फाडून टाकली, हाही एक लोकभ्रम आहे. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मध्ये छापलेली आहेत. शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, पण वाचण्यास उपयुक्त व चांगली, अशी शीर्षटीप देऊन. इंग्रजीतील १६११ च्या राजाज्ञेच्या (किंग जेम्स) आवृत्तीतही ती होती. सर्वसामान्य प्रतींतून ती गेली याचे एक मोठे कारण पैशाचे आहे. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीत यावरून कडाक्याचा वाद झाला आणि १८२६ च्या सुमारास, ही पुस्तके असलेल्या प्रतींवर संस्थेचा निधी खर्च करायचा नाही, असे ठरले. मामांच्या हातातील अनुक्रमणिकेमागे धर्मशास्त्राइतकाच वर्गणीदारांचा हा निर्णयही उभा आहे.

आमच्याच घरातील एक अडचणही सांगून टाकतो. लूथरने १५२२ च्या नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके शेवटी नेली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांकच दिला नाही. याकोबाच्या पत्राला तर त्याने पेंढ्याचे, म्हणजे कस नसलेले, पत्र म्हटले. तरी ती पुस्तके नव्या करारात टिकली, हे आमचे भाग्य.

---

तर्कटपंथी

सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु मूळ प्रश्न बाजूला राहिला असे वाटते. माणसांनी वाद घातले, कुणाचे पुस्तक उशिराचे म्हणून नाकारले, कुणाला क्रमांक दिला नाही, निधी अडवला. मग 'ईश्वरप्रेरित' हे विशेषण आले कुठून? पुस्तक प्रेरित आहे म्हणून निवडले, आणि निवडले आहे म्हणून प्रेरित, अशी ही गोलाई नव्हे काय?

---

बोरू_दौत

तर्कटपंथी, आपला आक्षेप रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे 'ईश्वरप्रेरित' म्हटले की मनात आधी वेदांचे अपौरुषेयत्व येते. मीमांसकांच्या मते वेदांना कर्ताच नाही. बायबलविषयी ही कल्पना चालत नाही, कारण तिथे कर्ता आहे आणि तो स्वतः बोलतो. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगतो की यापूर्वी पुष्कळांनी वृत्तान्त लिहिले, मीही सगळ्याचा मुळापासून शोध केला आणि तुझ्यासाठी अनुक्रमाने लिहीत आहे. हे एखाद्या बखरकाराचे किंवा चौकस इतिहासकाराचे वाक्य आहे. पौल करिंथकरांस लिहिताना एका ठिकाणी स्पष्ट म्हणतो की हे मी सांगतो, प्रभू नव्हे; आणि त्याच अध्यायाच्या शेवटी म्हणतो की मलाही देवाचा आत्मा आहे असे मला वाटते. 'मला वाटते'! आपले पत्र दोन हजार वर्षांनी शास्त्र म्हणून वाचले जाईल अशी त्याची कल्पना असती, तर त्याने ते वाक्य असे सोडले असते काय, हा विचार मला दर वेळी पडतो.

'परमेश्वरप्रेरित' हा शब्द तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येतो. मूळ ग्रीक शब्दात देव आणि श्वास असे दोन घटक आहेत. तिथे तो ज्या शास्त्रलेखांना लावला आहे ते तीमथ्याला बालपणापासून ठाऊक असलेले, म्हणजे यहुदी शास्त्र. नवा करार तेव्हा पूर्ण व्हायचा होता. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात मात्र पौलाच्या पत्रांचा उल्लेख 'इतर शास्त्रलेखां'च्या जोडीने येतो, आणि तिथे पुढचे पाऊल पडलेले दिसते.

आता गोलाईविषयी. दुसऱ्या ते चौथ्या शतकातील वाद वाचले तर प्रश्न प्रामुख्याने तीन दिसतात : हे पुस्तक प्रेषिताचे किंवा त्याच्या सहवासातील माणसाचे आहे काय, मंडळीला मिळालेल्या श्रद्धेशी ते जुळते काय, आणि जुन्या मंडळ्यांत ते वाचले जाते काय. 'प्रेरित आहे काय' ही चाळणी म्हणून वापरलेली फारशी आढळत नाही, आणि याचे कारण सरळ आहे : प्रेरणा तेव्हा एवढी दुर्मीळ मानली जात नव्हती. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंटच्या पत्रात, आम्ही हे पवित्र आत्म्याच्या द्वारे लिहिले आहे, असा दावा आहे. ते पत्र बायबलात नाही. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी आपला थोरला भाऊ बॅसिल याच्या सृष्टिविषयक विवेचनाला तोच 'परमेश्वरप्रेरित' शब्द लावतो, आणि म्हणून कुणी ते बायबलात घालायला निघाले नाही. प्रेरित पुष्कळ काही होते. प्रमाण थोडे होते. फक्त ग्राह्य पुस्तकेच प्रेरित, ही काटेकोर समजूत यादी पक्की झाल्यानंतर घट्ट झाली, असे माझे वाचन आहे. श्रद्धावंत म्हणेल की या सगळ्या घालमेलीतूनच पवित्र आत्मा काम करीत होता. ते इतिहासाने सिद्धही होत नाही आणि खोडलेही जात नाही.

मंडळीला मिळालेली श्रद्धा ही कसोटी कशी लागे, याचे एक उदाहरण देतो. दुसऱ्या शतकाच्या शेवटी अंत्युखियाचा बिशप सेरापियन जवळच्या ऱ्होसस गावी गेला. तिथले लोक पेत्राच्या नावाचे एक शुभवर्तमान वाचत होते. त्याने ते न वाचताच परवानगी दिली. पुढे पुस्तक मिळवून वाचले, तेव्हा बराचसा मजकूर ठीक असला तरी, ख्रिस्ताचे शरीर नुसता भास होते असे मानणाऱ्यांचा सूर त्याला त्यात लागला, आणि त्याने परवानगी काढून घेतली. परवानगी आधी आणि वाचन मागून, हा क्रम त्याने स्वतःच्या पत्रात लपवलेला नाही, म्हणून मला हा बिशप आवडतो.

---

पाणिनीचा_शेजारी

जुन्या कराराच्या बाबतीतही नायसियासारखीच एक कथा आहे. इ.स. ९० च्या सुमारास पॅलेस्टाईनमधील याम्निया या गावी यहुदी धर्मपंडितांची परिषद भरली आणि तिने हिब्रू शास्त्राची यादी बंद केली, असे अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ही उपपत्ती १८७१ साली हाइन्रिश ग्रेट्स या इतिहासकाराने मांडली आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून अभ्यासकांनी ती बहुतांशी सोडून दिली आहे. याम्नियात विद्यापीठ होते, चर्चा होत होत्या. यादी बंद करणारी परिषद मात्र दाखवता येत नाही.

मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात ज्या चर्चा आहेत त्या फार रंजक आहेत. तिथे पवित्र ग्रंथाला 'हात विटाळणारा' असा शब्द आहे; ग्रंथ पवित्र असेल तर त्याला शिवल्यावर हात धुवावे लागतात. आपल्या विटाळाच्या कल्पनेची ही उलटी बाजू वाटते, म्हणून मराठी वाचकाला ती थांबून समजून घ्यावी लागते. गीतरत्न आणि उपदेशक ही पुस्तके हात विटाळतात की नाही यावर मतभेद नोंदले आहेत. त्यावर रब्बी अकिवा म्हणतो की सगळे लेख पवित्र आहेत, पण गीतरत्न हे परमपवित्र आहे.

धागाकर्त्यांना एक दुरुस्तीही सुचवतो. अथानासियसची ३६७ ची यादी नव्या करारापुरती आजच्यासारखी आहे, हे आपण नीट लिहिले आहे, पण वाचकाचा असा समज होईल की संपूर्ण बायबल तेव्हा ठरले. त्याच पत्रातील जुन्या कराराच्या यादीत एस्तेर नाही आणि बारूख आहे. योगायोग असा की १९४७ पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या हस्तलिखितांत हिब्रू शास्त्रातील एस्तेर हे एकच पुस्तक आढळलेले नाही, आणि तोबीत मात्र अरामी व हिब्रू अशा दोन्ही भाषांत सापडले आहे. तेव्हा भिंगारकरांचा ठेवीचा मुद्दा मान्य केला तरी ठेवीदारांच्या सगळ्या गटांची वही एकच होती असे म्हणता येत नाही.

---

भिंगारकर

मान्य. तोबीत मूळचे ग्रीकच, हा युक्तिवाद आता करता येणार नाही. योसेफसची बावीस मात्र मी सोडत नाही.

---

मांडवीकाठ

गोव्याचा संबंध दोन प्रकारे येतो. सीरियन परंपरेच्या पेशित्ता या बायबलात नव्या कराराची बावीसच पुस्तके होती. पेत्राचे दुसरे, योहानाचे दुसरे व तिसरे, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण ही पाच नव्हती. केरळातील मार थोमा ख्रिस्ती हीच परंपरा पाळत. जून १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी कोचीजवळ उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली, आणि तिथल्या सीरियन प्रतींत नसलेली ही पुस्तके व काही उतारे त्यांत घालावेत असे फर्मान काढले. मूळ धाग्यातील गृहस्थांना सत्तेच्या जोरावर पुस्तके ठरल्याचे उदाहरण हवेच असेल तर ते नायसियापेक्षा उदयंपेरूरला शोधावे. फक्त तिथे पुस्तके बायबलात घातली गेली. जाळली गेली ती त्या समाजाची इतर सीरियन पुस्तके.

दुसरी गोष्ट अशी की यादीबाहेर राहिलेले पुस्तक मरत नाही. तिसवाडीतील तळावलीला सांत आनाच्या चर्चमध्ये जुलैत तवशाचें फेस्त होते, लोक काकड्या वाहतात, मूल व्हावे म्हणून नवस बोलतात. ही आना म्हणजे मरियेची आई. तिचे नाव बायबलातील एकाही पुस्तकात नाही. ते येते याकोबाच्या नावावर असलेल्या आणि यादीत कधीच न आलेल्या दुसऱ्या शतकातील एका पुस्तकातून.

---

उंबरठा

एक छोटा प्रश्न. यहूदाच्या पत्रात हनोख या प्राचीन पूर्वजाचे भविष्य उद्धृत केले आहे. मग हनोखाचे पुस्तक का नाही?

---

पापडीची_पायवाट

इथिओपियाच्या मंडळीत ते आहे. तिथे बायबल परंपरेने ८१ पुस्तकांचे मोजतात. तेर्तुलियन हा प्राचीन ख्रिस्ती लेखकही यहूदाच्या याच साक्षीवरून हनोखाच्या बाजूने बोलला होता. जेरोमने मात्र नोंदवले आहे की या उद्धरणामुळे काही लोक हनोखाला घेण्याऐवजी यहूदाचेच पत्र नाकारीत असत.

---

बोरू_दौत

पाणिनीचा_शेजारी, दुरुस्ती मान्य आहे.

मामांना वधूच्या घरून कॅथलिक बायबलाची प्रत मिळाली आणि त्यांनी तोबीत एका बैठकीत वाचून काढले, असे त्यांनी काल दूरध्वनीवर सांगितले. ते प्रमाण की दुय्यम, याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांचा प्रश्न एवढाच होता की तोबियाबरोबर घरून निघालेला आणि परतताना पुन्हा दिसणारा तो कुत्रा शेवटी घरी पोचला की नाही.

---

पापडीची_पायवाट

पोचला. पण त्यासाठी मामांना जेरोमचे लॅटिन पाहावे लागेल. ग्रीकमध्ये तो वाटेत मागून चालताना दिसतो आणि नंतर त्याचा उल्लेख नाही. लॅटिनमध्ये मात्र अकराव्या अध्यायात तो निरोप्यासारखा पुढे धावत येतो आणि शेपूट हलवतो.